परत उकळलं म्हणून विष जात नाही

"गोव्यात हॉटेलांची तपासणी बंद!!" असा मेसेज सगळ्या ग्रूपवर फिरतोय. त्यात म्हटलंय की रिस्क बघून तपासणी म्हणजे मोठ्या हॉटेलांना सूट, किचन चकाचक असलं की खाणं सेफ, उरलेलं खळखळून उकळलं की सगळे जंतू मरतात त्यामुळे फ्रिज-थर्मामीटर ही फॅडं, आणि इन्स्पेक्टर फक्त पैसे खायला येतात. असल्या मेसेजना मी उत्तर देत बसत नाही, पण माझ्या मामेभावाची म्हापशात खाणावळ आहे, दुपारी थाळीला रांग लागते, आणि त्यानंच हा मेसेज फॅमिली ग्रूपवर टाकून खाली लिहिलं, "बघा, मी म्हणत होतो ना". हा माणूस रोज एवढ्या लोकांना जेवू घालतो, त्यामुळे गप्प बसवत नाही.

उकळायचा मुद्दा आधी घेतो, कारण तो लोकांना हॉस्पिटलात पाठवणारा आहे. उकळल्यावर बहुतेक जंतू मरतात हे खरं, पण त्यांनी आधीच तयार केलेलं विष जाईलच असं नाही. शीत, म्हणजे शिजवलेला भात घ्या. तांदळात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू असतो, त्याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली सुप्त रूपं, शिजवूनही वाचतात. सकाळी मोठ्या टोपात केलेलं शीत वरून गार लागतं, पण डाव खुपसला की दुपार उलटली तरी मधून वाफ येते, आणि त्या कोमट भागात हे बीजाणू रुजतात, वाढतात आणि उलट्या करवणारं विष बनवतात. ते विष १२१ अंशाला दीड तास तापवलं तरी टिकतं, मग संध्याकाळी त्याच शिताचा फ्राइड राइस परतून काय होणार? करायचं ते सोपं आहे, उरलेलं शीत लगेच परातीत पातळ पसरायचं आणि वाफ गेली की फ्रिजमध्ये. एफएसएसएआय या देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या शेड्यूल फोरमध्ये, म्हणजे स्वच्छतेच्या नियमांत, स्पष्ट आहे, गरम ते ६० अंशांच्या वर आणि थंड ते ५ अंशांच्या आत. मधल्या तापमानात खाणं तासन् तास पडून राहता कामा नये. थर्मामीटर त्यासाठीच लागतो!

आता बांगडा. पकडल्यापासून नीट बर्फात नसेल तर त्याच्यात हिस्टामिन नावाचं विषारी द्रव्य तयार होतं, मग तळा, तिरफळं घालून हुमण (कालवण) करा, नाहीतर फ्रीझरमध्ये टाका, ते तसंच राहतं, आणि दर वेळी वासावरून कळतंच असंही नाही. खाल्ल्यावर थोड्या वेळानं तोंड लालबुंद होतं, डोकं ठणकतं, छाती धडधडते आणि लोक म्हणतात नुस्त्याची (माशाची) अ‍ॅलर्जी झाली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा बाहेरच्या राज्यांतून लांबून ट्रकनं नुस्तं येतं, त्या दिवसांत तर वाटेत बर्फ टिकला का हा पहिला प्रश्न हवा. २०१८ मध्ये मडगावच्या होलसेल मार्केटात मासे टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन लावतात असा गोंधळ झाला तेव्हा घराघरात तोच विषय होता. बर्फाबद्दल मात्र कोणी विचारत नाही.

चकाचक किचनचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं बाहेरच्या खाण्यातून होणाऱ्या आजारांची पाच मुख्य कारणं काढलीत: कच्चा माल खात्रीच्या ठिकाणचा नसणं, पुरेसं न शिजवणं, चुकीच्या तापमानाला ठेवणं, भांडी-सुऱ्या-फळ्या दूषित असणं आणि कामगारांची अस्वच्छता. टाइल्स कुठल्या आहेत हे त्यात नाही. रिस्क बघून तपासणी म्हणजे हीच कारणं जिथे जास्त तिथे आधी आणि जास्त वेळा जायचं. बंद पाकिटातली बिस्किटं विकणारं दुकान आणि मासे-भात रांधणारी खाणावळ यांना एकच वेळापत्रक लावण्यात काय अर्थ आहे? आणि मोठ्यांना सूट कुठे आहे? दूध, मांस, मासे, तयार जेवण हे सगळं एफएसएसएआयच्या हाय-रिस्क यादीत आहे, २०२४ च्या शेवटी बाटलीबंद पाणीसुद्धा त्यात घातलं. लग्नाच्या हॉलमधला बुफे यातून सुटत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. म्हापसा पालिकेनं २०२४ मध्ये कृत्रिम रंग आणि अस्वच्छतेच्या कारणानं गोबी मंच्युरियनवर बंदी घातली ती देशभर गाजली, आणि कारवाईची बातमी बघावी तर बहुतेक वेळा खाण्याच्या हातगाड्यांचीच असते. रंगाची तपासणी व्हायलाच हवी, पण रात्रीत उलट्या-जुलाब होतात ते रंगामुळे नाही. इथे मेसेजवाल्याचा राग अगदीच खोटा नाही.

पैसे खाण्याचं म्हणाल तर जो मागेल त्याची लेखी तक्रार करा. आता तपासणीची नोंद मोबाइलवर, जागा आणि वेळेसकट व्हायची सोय आहे, नुसतं 'स्वच्छता ठीक' लिहून जाण्यापेक्षा ते कधीही बरं.

आणि त्या मेसेजची शेवटची ओळ, "पोट बिघडलं तर हॉटेलचं नाव घेऊ नका, बिचाऱ्याचा धंदा बसेल". नाव घ्याच, पण फक्त शेवटच्या जेवणाचं नको. शितातलं विष काही तासांत दिसतं, सालमोनेला या जंतूला एक-दोन दिवसही लागतात, त्यामुळे डॉक्टरला आधीच्या तीन दिवसांत कुठे काय खाल्लं ते सगळं सांगा, आणि पार्सल उरलं असेल तर फेकू नका, पिशवीत बांधून फ्रिजमध्ये वेगळं ठेवा आणि एफडीएला, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाला कळवा.