टिश्यू कल्चरच्या पानपिंपरीला मर लागत नाही? फिरत्या मेसेजमधले दावे तपासून

अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा, जळगाव जामोद या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे: ‘टिश्यू कल्चरची पानपिंपरी, सफेद मुसळी आणि अश्वगंधा लावा. रोग येत नाही. औषधी अंश दुप्पट. एका पानातून वर्षात कोटी रोपं. घरच्या कुकरमध्येही बनतात. मे महिन्यात रोपं घरपोच.’ खाली आगाऊ बुकिंगचा नंबर. टिश्यू कल्चर म्हणजे झाडाचा छोटा तुकडा बाटलीत, अन्नद्रव्यांच्या निर्जंतुक माध्यमावर वाढवून त्याची रोपं करणं. या मेसेजात थोडं खरं आहे, आणि पैसे बुडतात ते त्या थोड्या खऱ्यामुळेच.

‘रोग येत नाही’

पानपिंपरी हा औषधी फळांचा वेल, आणि त्याचा खरा शत्रू मर. ती लावणारी फायटोप्थोरा बुरशी जमिनीत असते, पाणी साचलं की वाढते आणि पावसाळ्यात मूळ व बुंधा कुजवते. बाटलीतलं रोप निर्जंतुक माध्यमावर वाढलेलं असल्यामुळे ते ही बुरशी सोबत आणत नाही. एवढाच त्याचा गुण, आणि तो मोठा आहे. मर लागलेल्या मळ्यातले वेल तोडून नव्या मळ्यात लावले की रोगही तिकडे जातो, ती साखळी इथे तुटते. पण त्या रोपात मर सोसण्याची ताकद काही वेगळी येत नाही. आईवेलात जेवढी असेल तेवढीच. जुन्याच मळ्यात, त्याच वाफ्यात लावलं तर पहिल्या झडीत तेही बसेल.

म्हणून आधी जमीन. वाफा उंच करा, पाण्याला वाट काढून द्या. 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात 1 किलो ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी) मिसळा, ओलसर ठेवून आठ-दहा दिवस सावलीत मुरवा आणि मग बुडाशी घाला. पावसाळ्याच्या तोंडावर 1 टक्का बोर्डो मिश्रणाची आळवणी करा, म्हणजे 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद (तांब्याचं क्षार) आणि 1 किलो चुना. बोर्डो आणि ट्रायकोडर्मा एकाच वेळी घालू नका, तांब्यानं ट्रायकोडर्माही दबतो.

विषाणूचं गणित निराळं आहे. पेराच्या डोळ्यापासून केलेल्या रोपात आईवेलातला विषाणू जसाच्या तसा उतरतो. तो काढायचा तर शेंड्याचं अगदी टोक, 0.2 ते 0.5 मिलिमीटर, सूक्ष्मदर्शकाखाली कापून वाढवावं लागतं आणि नंतर रोपांची तपासणीही करावी लागते. विकणाऱ्याला विचारा: डोळा वापरला की टोक, आणि तपासणी कुठे केली?

‘औषधी अंश दुप्पट’

डोळ्यातून वाढवलेलं रोप म्हणजे आईवेलाची नक्कल. आईत पायपरीन, म्हणजे पिंपरीतला औषधी अंश, कमी असेल तर हजारो रोपांत कमीच असणार. त्यामुळे सुधारणेची सुरुवात मळ्यातून होते. जुन्या मळ्यात मरीतून वाचलेले, भरपूर फळ धरणारे वेल खुणावा, त्यांच्या वाळलेल्या पिंपरीची प्रयोगशाळेत तपासणी करा आणि मग त्यातला एखाद-दुसरा निवडा. टिश्यू कल्चर हे निवडलेला वेल वाढवायचं साधन आहे. शिवाय फळ कोणत्या अवस्थेत तोडलं आणि कसं वाळवलं यावरही अंश ठरतोच.

कापलेल्या भागातून आधी पेशींचा गोळा, म्हणजे कॅलस, करून रोपं काढली तर त्यांत फरक पडू शकतो. लार्किन आणि स्कोक्रॉफ्ट यांनी 1981 साली या बदलांना सोमाक्लोनल व्हेरिएशन म्हटलं. पैदासकाराला त्यातून एखादं सरस रोप सापडू शकतं. शेतकऱ्याला मात्र एकसारखा मळा हवा असतो, म्हणून कॅलसची रोपं घेऊ नयेत.

‘एका पानातून कोटी’

एका डोळ्यातून चार आठवड्यांच्या एका फेरीत तीन फुटवे धरले तर आठ फेऱ्यांत कागदावर 6,561 होतात. बारा फेऱ्यांत 5,31,441. पण फेऱ्या वाढल्या की विकृत फुटवेही वाढतात, म्हणून जाणती प्रयोगशाळा आठेक फेऱ्यांनंतर पुन्हा आईवेलाकडे जाते. बाटल्या खराब होतात त्या वेगळ्याच. पिंपरी-मिरीच्या कुळात आणखी एक त्रास: जिवाणू ऊतीच्या आत दडलेले असतात, आणि बाहेरून कितीही धुतलं तरी काही आठवड्यांनी बुडाशी दुधाळ थर उमटतो.

‘घरच्या कुकरमध्ये’

कुकर चालतो, हे खरं. 15 पौंड दाबाला 121 अंश तापमान मिळतं आणि 20 मिनिटांत माध्यम निर्जंतुक होतं. 1 लिटर माध्यमाला मुराशिगे-स्कूगची तयार पूड (क्षार-अन्नद्रव्यांचं मिश्रण) सुमारे 4.4 ग्रॅम, साखर 30 ग्रॅम, माध्यम घट्ट करणारा अगार 8 ग्रॅम, सामू (pH) 5.8, आणि फुटव्यांसाठी बीए हे संजीवक 1 मिलिग्रॅम. 1 मिलिग्रॅम काट्यावर मोजता येत नाही. त्यासाठी 100 मिलिग्रॅम बीए कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणाच्या थेंबांत विरघळवून पाण्यानं 100 मिलिलिटर करायचं. त्यातलं 1 मिलिलिटर म्हणजे 1 मिलिग्रॅम.

घरी अडतं ते पुढे. फुटवे एका बाटलीतून दुसरीत नेताना लॅमिनार फ्लो, म्हणजे गाळलेली हवा सोडणारं कपाट, लागतं. उघड्या खोलीत दोन-तीन दिवसांत काळी-हिरवी बुरशी धरते. खोली 25 अंशांवर, दिवसाला 16 तास उजेडात ठेवायची असते. मे महिन्यात 45 अंश आणि वर वीज गेलेली, अशा घरात हे जमत नाही. काही व्हिडिओंत डोळे धुवायला मर्क्युरिक क्लोराइड दाखवतात. ते जहाल विष आहे, घरात आणूच नका.

‘मे महिन्यात घरपोच’

आम्हाला सगळ्यात जास्त राग या ओळीचा येतो. बाटलीतल्या पानावर मेणाचा थर जेमतेम असतो आणि पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत. असं रोप वऱ्हाडच्या उन्हात काही तासांत माना टाकतं. आधी मुळांवरचा अगार कोमट पाण्यानं पूर्ण धुवायचा, राहिला तर त्यावरच बुरशी येते. मग कोकोपीटच्या ट्रेमध्ये 80 ते 90 टक्के आर्द्रतेत ठेवून ती दर आठवड्याला थोडी कमी करत न्यायची, शेवटी शेडनेटखाली. यालाच हार्डनिंग म्हणतात, आणि यात दीड-दोन महिने जातात. पानपिंपरीचं रोप पाऊस स्थिरावल्यावर, पांगारा-शेवरीची सावली तयार असलेल्या मळ्यातच घ्या.

अश्वगंधेला या खटाटोपाची गरजच नाही, एकरी 4-5 किलो बी फेकून ती येते. मुसळीत टिश्यू कल्चरचा उपयोग बेणं वाढवायला होतो. इवल्या रोपाकडून पहिल्याच हंगामात विकण्याजोग्या जाड मुळ्या मिळतील असं धरू नका.

बुकिंगआधी प्रयोगशाळा केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या प्रमाणीकरण व्यवस्थेत मान्यताप्राप्त आहे का ते विचारा. ही व्यवस्था 2006 पासून आहे. आईवेल कुठल्या मळ्यातला, किती फेऱ्या झाल्या, हार्डनिंग किती दिवस झालं, हे बिलावर लिहून घ्या. आणि गाडीतून रोपं उतरवण्याआधी ट्रेमधली पाच-सहा उपटून पाहा: नवी पांढरी मुळं कोकोपीटमध्ये पसरलेली नसतील तर गाडी परत पाठवा.