‘रद्द’ या शब्दाविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

करार रद्द होणे म्हणजे ज्याचे त्याला परत करणे, या माझ्या विधानावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. ‘रद्द’ हा परका शब्द टाकून ‘निरसन’ लिहावे, हा पहिला; आणि रद्द म्हणजे कागदावर काट मारून व्यवहार संपवणे, त्यात परतफेडीचा संबंध नाही, उलट विकणारा इसार (सौदा पक्का करताना घेतलेली आगाऊ रक्कम) खिशात घालून मोकळा होतो, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर थोडक्यात देतो. कायद्याच्या मराठीत ‘निरसन’ अधिनियमाचे, म्हणजे संपूर्ण कायद्याचे, होते. ‘निरसन व व्यावृत्ती’ (जुना कायदा काढून टाकणे आणि त्याखाली आधी झालेले व्यवहार राखणे) हे कलम अनेक अधिनियमांच्या शेवटी आढळते. साठेखताचे, म्हणजे पुढे विक्री करण्याच्या कराराचे, कोणी निरसन करत नाही. शिवाय परकेपणाच्या निकषावर ‘रद्द’ काढायचा, तर वकील, दस्तऐवज आणि मुखत्यार यांनाही निरोप द्यावा लागेल, आणि मग दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बोलायला फारसे काही उरणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. अरबीत ‘रद्द’ म्हणजे परत फिरवणे. मुस्लिम वारसाहक्कात ठरलेले हिस्से वाटून उरलेली मालमत्ता, अन्य वारस नसल्यास, त्याच हिस्सेदारांकडे परत जाते. त्या तत्त्वाचे नावही हेच आहे. नाकारलेले, टाकाऊ ही छटाही त्याच शब्दाची, आणि आपली ‘रद्दी’ तिच्यातूनच आली. काट मारण्याची आपली कल्पना मूळची ‘कॅन्सल’ची आहे : लॅटिनमध्ये ‘कान्सेली’ म्हणजे जाळी, आणि लिखाणावर जाळीसारख्या आडव्यातिडव्या रेघा ओढल्या की ते कॅन्सल. अर्थात व्युत्पत्तीच्या बळावर दावा जिंकता येत नाही, म्हणून कायद्याकडे वळतो.

समजा, जमिनीवरील बँकेचा बोजा लपवून कोणी साठेखत करून दिले आणि घेणाऱ्याने इसार देऊन ताबा घेतला. फसवणूक उघड झाल्यावर त्याने करार रद्द केला, तर करार अधिनियम, १८७२ च्या कलम ६४ नुसार त्याला ताबा सोडावा लागतो, आणि विकणाऱ्यालाही घेतलेली रक्कम दाबून ठेवता येत नाही. प्रश्न दस्ताचाच असला, तरी घरची प्रत फाडून काही साधत नाही. नोंदणीकृत दस्त स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ च्या कलम ३१ खाली रद्द ठरला, की न्यायालय हुकूमनाम्याची प्रत नोंदणी अधिकाऱ्याकडे धाडते आणि तो आपल्या पुस्तकातील नकलेवर तशी नोंद करतो. तिथेही दाद मिळालेल्या पक्षाला, झालेला लाभ परत करायला न्यायालय कलम ३३ नुसार सांगू शकते.

राहिला इसार. घेणाऱ्यानेच करार मोडला तर इसार जप्त होऊ शकतो, हे आपले म्हणणे खरे आहे. पण ‘दिलेले सगळे गेले’ असा त्याचा अर्थ नाही. फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या १९६३ च्या निकालात, दिल्लीतील एका मालमत्तेच्या व्यवहारात घेणाऱ्याने २५,००० रुपये दिले होते. त्यांपैकी १,००० रुपये इसार म्हणून विकणाऱ्याकडे राहिले. ताब्याच्या वेळी दिलेले २४,००० मात्र सर्वोच्च न्यायालयाने इसार मानले नाहीत आणि त्यांच्या जप्तीला करार अधिनियमाचे कलम ७४ लावले, म्हणजे करारात काहीही लिहिले असले तरी वाजवी भरपाईपुरतेच पैसे ठेवता येतात. त्यामुळे साठेखतात ‘दिलेली सर्व रक्कम जप्त’ असे कलम दिसल्यास, त्या रकमेत इसार किती आणि मोबदल्याचा हप्ता किती, हे सही करण्यापूर्वी वेगवेगळे लिहून घ्यावे.