‘बिल येतंय, मग ऑडिट कशाला?’ या मेसेजला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा: कॉलेज-विद्यापीठांचं एनर्जी ऑडिट (वीज कुठे, किती खर्च होते याची मोजणी) म्हणजे नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फायलीत लावायचा कागद. वीज किती जळाली ते हेस्कॉम या वीज कंपनीच्या बिलातच असतं. एलईडी ट्यूब आणि कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे लावा, छतावर सोलर टाका, विषय संपला. ऑडिटवर पैसे घालवू नका.

माझ्याकडे तो चार जणांकडून आला. मी इलेक्ट्रिकल शिकवतो आणि मुलांना घेऊन कॅम्पसची मोजणी केली आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी बिलाचं. उच्चदाबाच्या जोडणीला सगळ्या कॅम्पसचं मिळून एकच बिल येतं. महिन्याचे एकूण युनिट कळतात. वसतिगृह किती खातं, पंपघर किती, वर्कशॉप किती, हे त्यात कुठेच नसतं. आम्ही वसतिगृहाच्या फीडरवर (तिकडे जाणाऱ्या वीजवाहिनीवर) शनिवार-रविवार लॉगर, म्हणजे भाराची वेळेसह नोंद ठेवणारं यंत्र, लावून ठेवला होता. रात्री दोन ते चार भार एकदम चढलेला दिसला. शोध घेतला तर टायमरवर चालणारा पंप. टाकी आधीच भरलेली आणि पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून गटारात. पंप सांभाळणारे मामा म्हणाले, “सर, टायमर लावलाय, आपोआप बंद होतोय. टाकी भरली काय न्हाई ते रात्री कोण बघायलंय?” त्यांचं काही चुकलं नव्हतं. टायमर लावताना वसतिगृह भरलेलं धरलं होतं, आणि शनिवारी निम्मी मुलं गावी जातात हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. साडेसात अश्वशक्तीचा पंप पूर्ण भारावर तासाला साधारण सहा युनिट घेतो. आठवड्याच्या दोनच रात्री, दोन-दोन तास धरले तरी वर्षाला जवळपास साडेबाराशे युनिट होतात. वर शहराला राकसकोप-हिडकलहून उपसून येणारं पाणी वाया. टाकी भरली की पंप बंद करणारा फ्लोट स्विच बसवून हे थांबलं. बिल वर्षानुवर्षं बघत बसलो असतो तरी हे सापडलं नसतं.

‘नॅकच्या फायलीतला कागद’ या वाक्यात मात्र तथ्य आहे, ते मान्य करतो. नॅकच्या मूल्यांकनात ऊर्जा आणि पर्यावरण ऑडिट येतं, म्हणून घाईने केलेले अहवाल मीही पाहिले आहेत: ट्यूब किती, पंखे किती, एवढी यादी आणि शेवटी ‘वीज वाचवा’. त्याला ऑडिट म्हणू नये. देशात ऊर्जा संवर्धन कायदा 2001 साली झाला, ऊर्जा दक्षता ब्युरो 2002 पासून काम करतो, आणि त्याची राष्ट्रीय परीक्षा देऊन प्रमाणित झालेले ऑडिटर आहेत. चांगल्या अहवालात फीडरनिहाय, तारीख-वेळेसह नोंदी असतात आणि प्रत्येक सूचनेपुढे खर्च आणि तो किती दिवसांत वसूल होईल ते लिहिलेलं असतं. वाईट ऑडिट झालं तर चांगलं मागून घ्यावं. मोजणीच सोडून देणं हा त्यावरचा उपाय कसा होईल?

पंख्यांचं सरसकट उत्तर मला सगळ्यात जास्त खटकतं. जुना पंखा सुमारे 75 वॅट घेतो, बीएलडीसी सुमारे 30. वाचतात 45 वॅट. वर्गातला पंखा दिवसाला आठ तास, वर्षात 200 दिवस फिरला तर 72 युनिट वाचतात. वसतिगृहातला चौदा तास, 250 दिवस फिरला तर 157. प्रयोगशाळेतला पंखा आठवड्यातून दोन प्रॅक्टिकलपुरता फिरत असेल तर नव्या पंख्याचे पैसे कधी सुटायचे? त्यात हे बेळगाव आहे, गरिबांचं महाबळेश्वर. डिसेंबर-जानेवारीत इथे पंखा लागतोच कुणाला? नागपूर-सोलापूरचा हिशेब इथे चालत नाही. आधी वसतिगृह, मग वर्ग, प्रयोगशाळा शेवटी, हा क्रम तास मोजल्याशिवाय ठरत नाही.

आणि सोलर. सोलर जरूर बसवावं, मी त्याच्या बाजूचा आहे. पण जून ते सप्टेंबर इथे पाऊस लागला की सूर्य दिसत नाही, आणि वसतिगृहाचा भार संध्याकाळनंतरचा. त्याहून महत्त्वाची गोष्ट मेसेजमध्ये नाहीच, ती म्हणजे पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा भाग. समजा दुपारचा भार 200 किलोवॅट आहे आणि पॉवर फॅक्टर 0.9. म्हणजे सुमारे 97 केव्हीएआर रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर लागते, म्हणजे मोटरींचं चुंबकीय क्षेत्र टिकवायला लागणारी, युनिटमध्ये न धरली जाणारी पॉवर. सोलरने 100 किलोवॅट दिले तर ग्रिडमधून 100 किलोवॅटच घ्यावे लागतात, पण सोलरची वीज ग्रिडजोगी करणारा इन्व्हर्टर फक्त किलोवॅट देत असेल तर 97 केव्हीएआर तसेच राहतात. मीटरवर पॉवर फॅक्टर 0.72 पर्यंत उतरतो. युनिट कमी होतात आणि पॉवर फॅक्टरचा दंड मागे लागतो. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला कुठलाही फाउंड्रीवाला, हे केव्हीएआर जागेवरच पुरवणाऱ्या कपॅसिटर पॅनेलची काळजी का घेतो ते यावरून कळेल. सोलरच्या निविदेआधी ऑडिट झालं असेल तर कपॅसिटर किती लागतील, इन्व्हर्टर कसा लावायचा, हे आधीच ठरतं. शिवाय वाया जाणारा भार तसाच ठेवून सोलर मोजलं, तर त्या वायफळ भारासाठीही पॅनेल विकत घ्यावे लागतात.

राहिला पैशांचा प्रश्न. पहिली फेरी मुलं करू शकतात: कुठल्या खोलीत काय, किती तास चालतं, पंप कधी सुरू होतो, गीझर आणि एसी एकाच वेळी लागून मागणी कधी शिखराला जाते. फक्त पॅनेलचं झाकण उघडायचं ते परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच. मुलांनी त्याला हात लावायचा नाही. ही नोंदवही तयार असली की बाहेरच्या ऑडिटरचे दिवस वाचतात. आमच्या मुलांनी भरलेली वही मी कुठल्याही कॉलेजला नमुना म्हणून द्यायला तयार आहे. पहिल्या पानावर रविवारी रात्री दोनचा मुख्य मीटरवरचा भार (किलोवॅट) लिहायचा, कॅम्पस झोपलेला असताना किती भार जागा आहे ते त्यावरून कळतं.