अवकाशात गोंगाट नाही? मग त्या नोंदी कुणाच्या?

‘अवकाशात हवा नाही, म्हणजे गोंगाट नाही. गॅमा-किरण दुर्बीण मोजते ते सगळं आकाशातलंच. तरी शास्त्रज्ञ त्यातलं बरंचसं पार्श्वभूमी म्हणून वजा करतात. ही आकड्यांची हातचलाखी आहे.’ हा मजकूर पुन्हा फिरू लागलाय.

हवा नाही, कबूल. पण गोंगाट म्हणजे इथे आवाज नव्हे, नको असलेल्या नोंदी, म्हणजेच ती पार्श्वभूमी. हवेचं पांघरूण नाही म्हणूनच वैश्विक किरण थेट उपग्रहावर आदळतात, त्याच्या धातूतले काही अणू किरणोत्सारी होतात आणि यंत्र स्वतःच गॅमा किरण सोडू लागतं. २००२ साली सोडलेल्या युरोपच्या ‘इंटिग्रल’ या गॅमा-किरण उपग्रहाचा वर्णपटमापक, म्हणजे किरण ऊर्जेनुसार वेगळे मोजणारं यंत्र, घ्या. त्याच्या शंभरातल्या नव्वदहून अधिक नोंदी घरच्याच! आकाशगंगेच्या मध्यातून येणारी ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा, म्हणजे नेमक्या त्याच ऊर्जेचे गॅमा किरण, शोधायला जावं, तर नेमकी तीच रेषा यंत्राच्या सांगाड्यातूनही निघते.

‘मग रिकाम्या आकाशाकडे वळा, एक आकडा काढा, तोच वजा करा.’ ऐकायला सोपं आहे. अमेरिकेच्या ‘फर्मी’ उपग्रहावरच्या जीबीएम या गॅमा-स्फोट टिपणाऱ्या यंत्राचे १४ डिटेक्टर मात्र पृथ्वीने झाकलेला भाग सोडून सगळं आकाश एकदमच पाहतात, वळायचं कुठे? शिवाय उपग्रह साधारण दीड तासात एक फेरी मारतो आणि चुंबकीय क्षेत्र बदलेल तशी पार्श्वभूमी खाली-वर होते. दक्षिण अटलांटिकवरच्या कणांच्या पट्ट्यात तर डिटेक्टरचं व्होल्टेजच बंद ठेवावं लागतं. म्हणून मंद, लांबलेल्या स्फोटांसाठी एक युक्ती वापरली गेली: ३० फेऱ्या आधीच्या आणि ३० फेऱ्या नंतरच्या नोंदींची सरासरी. १५ फेऱ्यांनी उपग्रह जवळपास त्याच जागेवर येतो, पण २०१८ पर्यंत तो एका फेरीत उत्तरेकडे आणि पुढच्या फेरीत दक्षिणेकडे कलायचा. जागा आणि कल दोन्ही जुळायला ३० फेऱ्या लागायच्या. आपल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ या खगोल-उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताशी फक्त ६ अंशांचा कोन करते, त्यामागेही हा कणांचा पट्टा शक्यतो टाळणं हे एक कारण आहेच.

राहिली हातचलाखी. गणित चुकू शकतं, हे मी नाकारणार नाही. ‘कॉम्प्टन’ या अवकाश वेधशाळेवरच्या कॉम्पटेल दुर्बिणीच्या गटाने १९९४ साली मृग नक्षत्रातल्या ओरायन मेघातून कार्बन-ऑक्सिजनच्या गॅमा रेषा आल्याचं जाहीर केलं होतं. खळबळ उडाली, त्यावर सिद्धान्तही रचले गेले. पुढे पार्श्वभूमी नव्याने तपासल्यावर त्या रेषा टिकल्या नाहीत आणि १९९९ साली तो दावा मागे घेतला गेला. घेतला कुणी? त्याच गटाने.