चॉकलेटमधल्या शिशाबद्दल खुलासा
‘चॉकलेटमध्ये शिसं, एका वडीनं लेकरांच्या किडन्या जातात’ हा मेसेज लातुरात आमच्या गल्लीच्या ग्रुपवर फिरतोय. काल शेजारच्या वहिनींनी लेकराच्या हातातली पाच रुपयांची वडी हिसकून घेतली.

मूळ तपासणी अमेरिकेतली, 2022 ची, 28 डार्क चॉकलेटांची. रोज 28 ग्रॅम खाल्लं तर त्यातली 23 शिसं किंवा कॅडमियम (तोही विषारी धातू) यांपैकी निदान एकाची कॅलिफोर्नियाची फार कडक मर्यादा ओलांडत होती: शिसं दिवसाला 0.5 मायक्रोग्रॅम, कॅडमियम 4.1. कॅडमियम कोकोची मुळं मातीतून ओढतात. शिसं बहुतेक बिया उघड्यावर वाळताना बसतं, अंगणात वाळत घातलेल्या तुरीवर धूळ बसते तसं. दुधाच्या चॉकलेटात कोको कमी, म्हणून हे धातूही सहसा कमी.

शिसं मात्र थोडंही चांगलं नाही. गरोदर बायांनी आणि लहान लेकरांनी डार्क चॉकलेट रोज खाऊ नये. कधीमधी दिलेल्या वडीनं किडनी जात नाही, वहिनी.