"टच झालं नाही म्हणजे गुन्हा नाही" म्हणणाऱ्या त्या सायकलवाल्या फॉरवर्डला उत्तर

आठवडाभर नवी मुंबईत आमच्या घणसोलीतल्या सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. वर "सायकलस्वारांसाठी पोलिसांची महत्त्वाची सूचना" आणि खाली सहा मुद्दे. कुठल्या पोलिसांची, कुठल्या तारखेची, सही कुणाची, काही म्हणजे काही नाही. एरवी मी असले मेसेज उघडतही नाही, पण हा वहिनीने दादाला पाठवला आणि खाली लिहिलं, "बघा, आता तरी ऐका." म्हणून लिहायला बसलोय.

दादा महापेला एमआयडीसीत कामाला आहे, घणसोलीहून सायकलने जातो, बावीस वर्षं झाली. पंधरा दिवसांपूर्वी सकाळी साडेसहाच्या सुमारास ठाणे-बेलापूर रोडवर एका टेम्पोने त्याला इतका चिकटून कट मारला की आरसा उजव्या कोपराला घासून गेला. डावीकडे चेंबरची जाळी अर्धी खचलेली, म्हणजे तिकडे दाबायलाही जागा नव्हती. दादा पडला नाही, पण हँडलला अडकवलेली डब्याची पिशवी उडाली आणि मागून येणाऱ्या गाडीचं चाक तिच्यावरून गेलं. तो स्टीलचा डबा मी हातात घेऊन बघितलाय, भाकरीसारखा चपटा झालाय, झाकण आत रुतलंय, निघतच नाही. दादाने टेम्पोचा नंबर पाठ केला, शिफ्ट संपल्यावर एका चौकीत गेला, तिथे विचारलं, "लागलं का कुठे? नाही ना? मग कशाला डोक्याला ताप करून घेता काका." आणि चार दिवसांनी हा मेसेज आला. आता सायकल जिन्याखाली पडून आहे आणि दादा रिक्षाने जातोय.

म्हणून सगळ्यात आधी त्यातला दुसरा मुद्दा घेतो, कारण बाकीचे चुकीचे आहेत पण हा मुद्दा एखाद्याचा जीव घेईल. मेसेज म्हणतो, "गाडी कितीही जवळून गेली तरी जोपर्यंत धक्का लागत नाही तोपर्यंत गुन्हा होत नाही, पोलीस काहीही करू शकत नाहीत."

साफ खोटं आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिचं कलम २८१ काढून वाचा, आधी हेच आयपीसीचं २७९ होतं. सार्वजनिक रस्त्यावर इतक्या बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे गाडी चालवणं की त्याने माणसाच्या जिवाला धोका होईल किंवा कुणाला इजा होण्याची शक्यता असेल, एवढा हा गुन्हा आहे. शक्यता! इजा झालीच पाहिजे असं त्यात कुठेही नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र आहे. म्हणजे पोलीस थेट एफआयआर घेऊ शकतात, आणि दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०१३ मध्येच ललिता कुमारी खटल्यात सांगून ठेवलंय.

दुसरं, मोटार वाहन कायद्याचं कलम १८४, धोकादायक ड्रायव्हिंग. २०१९ च्या दुरुस्तीत त्याला स्पष्टीकरण जोडलं, त्यात सिग्नल तोडणं, ड्रायव्हिंग करताना मोबाइल हातात धरणं यांच्याबरोबर नियम मोडून ओव्हरटेक करणंही नाव घेऊन लिहिलंय. पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद. गणवेशातल्या पोलिसासमोर हा गुन्हा घडला तर तो वॉरंटशिवाय अटकही करू शकतो, कलम २०२. शिवाय २०१७ चे ड्रायव्हिंगचे नियम आहेत, त्यात पादचारी, सायकलस्वार, लहान मुलं, वृद्ध, अपंग यांच्या सुरक्षिततेची विशेष काळजी घेणं हे ड्रायव्हरचं कर्तव्य आहे. मग "काहीही करू शकत नाहीत" हे कुठून आलं?

धक्का लागल्यावर तर गुन्हा होतोच हो. २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे पाम बीच रोडवर नेरूळजवळ अवतार सैनी यांना मागून कॅबने उडवलं, इंटेलचे भारतातले माजी प्रमुख, चिप डिझाइनमधला मोठा माणूस, सायकल चालवायला निघाले होते. ते गेले आणि मग गुन्हा दाखल झाला. २८१ सारखं कलम असतं ते माणूस जाण्याच्या आधी वापरण्यासाठी.

आता इथे एक गोष्ट मान्य करतो, मनाविरुद्ध करतो. आपल्याकडे सायकलपासून अमुक मीटर अंतर ठेवा असा आकडा कायद्यात नाही. जर्मनीत आहे, शहरात दीड मीटर आणि शहराबाहेर दोन. फ्रान्समध्ये एक आणि दीड. ही पोकळी आहे आणि चौकीतला माणूस त्याच पोकळीत हात झटकतो. पण आकडा नसला की पोलिसांचे हात बांधले जातात हे खोटं. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या बाजूला वेस्ट मिडलँड्स पोलिसांनी २०१६ मध्ये काय केलं बघा. साध्या कपड्यातला पोलीस कॅमेरा लावून सायकलवर रस्त्यावर उतरला, जो ड्रायव्हर चिकटून गेला त्याचा नंबर वायरलेसवर पुढच्या सहकाऱ्यांना, त्यांनी गाडी बाजूला घेतली, जमिनीवर एक मोठी चटई अंथरली जिच्यावर सायकल आणि दीड मीटरचं अंतर काढलेलं, आणि ड्रायव्हरला तिथेच समजावलं. फारच वाईट चालवत असेल तर थेट खटला. तेव्हा तिथेही नियमात मीटरचा आकडा नव्हता, दीड मीटर तिथल्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्याच्या नियमपुस्तकात, आलं २०२२ मध्ये! सहा वर्षं आधी पोलिसांनी साध्या निष्काळजी ड्रायव्हिंगच्या कलमावर हे काम केलं, म्हणजे आपलं २८१ आणि १८४ ज्या जातीचं आहे त्याच जातीच्या कलमावर. "तिकडे सायकलला वेगळे ट्रॅक असतात, आपली बरोबरी नको" हा मेसेजचा सहावा मुद्दा, तर ही मोहीम साध्या रस्त्यांवर, मोटारींच्या गर्दीतच झाली. सहावाही इथेच संपला.

पहिला मुद्दा, सायकलवाले रोड टॅक्स भरत नाहीत म्हणून मेन रोडवर हक्क नाही. मोटार वाहन कायद्यात सायकल हे मोटार वाहनच नाही, म्हणून तिला तो टॅक्स नाही. टॅक्स भरला की रस्ता विकत मिळतो असं कुठे आहे? ऑक्टोबर २०२४ पासून वाशी आणि ऐरोलीच्या खाडीपुलाच्या नाक्यावर हलक्या गाड्यांना टोल माफ आहे, मग त्या गाड्यांचा पुलावरचा हक्क गेला का? हां, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि अटल सेतूवर सायकल चालत नाही, ते खरं आहे. पण ती बंदी त्या रस्त्यापुरती आहे, महापेला कामाला जाणाऱ्या माणसाला ती दाखवू नका.

तिसरा, "हॉर्न दिला की सायकलवाल्याने पांढऱ्या पट्टीबाहेर जायलाच हवं." अहो, पट्टीबाहेर एकदा जाऊन बघा. खडी, वाळू, पार्क केलेले ट्रेलर, तुटलेली जाळी. सायकलवाला सरळ रेषेत चालूच शकत नाही, खड्डा चुकवायला त्याला फूट-दोन फूट इकडेतिकडे लागतंच, म्हणून तर अंतर ठेवायचं असतं. हॉर्न म्हणजे परवाना नव्हे.

चौथा, मोबाइलचं किंवा कॅमेऱ्याचं शूटिंग पुरावा म्हणून चालत नाही, उलट सायकलवाल्यावरच केस होते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडलं की चालतं. क्लिप कापू नका, मूळ फाइल ठेवा. आणि सार्वजनिक रस्त्यावर आपल्यासमोर काय घडलं ते शूट करणं हा गुन्हा नाही.

पाचवा मुद्दा वाचून मला सगळ्यात जास्त राग आला, कारण तो गरिबाच्या खिशात हात घालतो. म्हणे सायकलला लायसन्स नाही, विमा नाही, त्यामुळे अपघातात भरपाई मिळत नाही. विमा गाडीचा असतो! थर्ड पार्टी म्हणजे कोण, तर रस्त्यावरचा दादासारखा माणूसच. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कलम १६६ खाली त्याला किंवा घरच्यांना दावा करता येतो. गाडी ठोकून पळाली आणि सापडलीच नाही तरी १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमेला पन्नास हजार सरकारी योजनेतून मिळतात. हा मेसेज खरा मानून कुणाची तरी बायको दावाच करणार नाही, फॉरवर्ड करताना एवढा तरी विचार करा.

सायकलवालेही चुकतात, रॉंग साइडने येतात, रात्री मागे दिवा नसतो, दादाच्याही सायकलला नव्हता, परवा बसवला. पण त्यासाठी कुणी त्याला घासून जायचं नसतं.

काल रात्री दादाबरोबर बसून अर्ज लिहिला. तारीख, वेळ, ठिकाण, टेम्पोचा नंबर, कलम २८१ आणि १८४, आणि चपट्या डब्याचा फोटो. दोन प्रती काढल्यात, एकीवर पोहोच घ्यायची. अर्ज नाही घेतला तर बीएनएसएसच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १७३(४) प्रमाणे तोच अर्ज पोस्टाने वरिष्ठांकडे, आमच्याकडे पोलीस आयुक्तालय आहे म्हणजे पोलीस उपायुक्तांकडे. वहिनीने अर्ज दोनदा वाचला, काही बोलली नाही, मग कपाटातून नवा डबा काढून धुऊन ठेवला. उद्या दुपारी शिफ्ट सुटली की दादा आणि मी दोघं जातोय.