टोर्नेडो आला तर फ्लायओव्हरखाली? त्या फॉरवर्डला उत्तर

सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक व्हिडिओ फिरतोय. अमेरिकेतला हायवे, जमिनीला टेकलेला काळा भोवरा, पुलाच्या पोटात गर्डरला चिकटून बसलेली माणसं. भोवरा जातो, सगळी सुखरूप. खाली मराठीत मजकूर जोडलाय: ‘गाडी चालवताना टोर्नेडो आला तर १) जवळच्या फ्लायओव्हरखाली थांबा, जमल्यास वर गर्डरपाशी चढा. २) पूल नसेल तर गाडी शंभरच्या वर पळवा, टोर्नेडो मागे पडतो. ३) टोर्नेडो नेहमी नैऋत्येकडून ईशान्येला जातो, म्हणून दक्षिणेकडे वळा. ४) काचा खाली करा, नाहीतर आतल्या दाबाने गाडी फुटते. ५) टायर रबरी असतात, गाडीत विजेची भीती नाही. ठाणे-नवी मुंबईत फ्लायओव्हर भरपूर आहेत, निश्चिंत राहा.’

पाचवा मुद्दा चुकीच्या कारणाने बरोबर आहे, तिसरा अमेरिकेपुरता अर्धा खरा. पहिला मात्र जीव घेणारा आहे, म्हणून त्याच्यावरच जास्त लिहितो.

व्हिडिओ खरा आहे. २६ एप्रिल १९९१ रोजी कॅन्सस राज्यात एल डोराडोजवळच्या टर्नपाइकवर (टोलच्या हायवेवर) तो एका टीव्ही चॅनेलच्या लोकांनी चित्रित केला. माणसं वाचली हेही खरं. पण तो टोर्नेडो दुबळा होता आणि पुलावरून थेट गेलाच नाही. शिवाय त्या पुलाची बांधणी वेगळी होती: उतार जिथे गर्डरला मिळतो तिथे माणूस आत शिरून बसेल अशी खोबण होती, धरायला उघडे गर्डर होते. व्हिडिओ जगभर दाखवला गेला आणि ‘पूल म्हणजे आसरा’ हे लोकांच्या डोक्यात बसलं.

त्याची किंमत ३ मे १९९९ ला ओक्लाहोमात मोजावी लागली. त्या दिवशीच्या टोर्नेडोंमध्ये तीन वेगवेगळ्या पुलांखाली लोक आसऱ्याला गेले आणि तिन्ही ठिकाणी माणूस दगावला. जे वाचले त्यांच्यातही कित्येकांना जबर जखमा झाल्या. मूर शहराकडे गेलेल्या त्या मुख्य टोर्नेडोतला वारा ट्रकवर बसवलेल्या रडारने ताशी ४८० किलोमीटरच्या आसपास मोजला होता. त्यानंतर अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा कानीकपाळी ओरडून सांगतेय की पुलाखाली थांबू नका.

कारण सोपं आहे. जमिनीलगत घर्षणामुळे वारा जरा मंद असतो, वर जाल तसा वाढतो. उतार चढून गर्डरपाशी बसणारा माणूस स्वतःहून जास्त वाऱ्यात जातो. त्यातच पुलाखालची जागा अरुंद, म्हणून तिथून घुसणारा वारा आणखी वेग घेतो. दोन टॉवरमधल्या बोळात छत्री उलटी होते तसंच. वाऱ्याबरोबर पत्रे, काचा, लाकडं, खडी येते, आणि टोर्नेडोत जीव जातो तो बहुतेक वेळा या उडत्या वस्तूंनी. पूल पडत नाही हो, पूल जागेवर राहतो. खालचा माणूस राहत नाही.

आता आपले पूल बघा. ठाण्यातले माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, किंवा सायन-पनवेल हायवेवरचे वाशी, नेरूळ, खारघरचे. सगळे खांबांवर उभे, दोन्ही बाजूंनी मोकळे. धरायला काही नाही, शिरायला खोबण नाही. खाली सिग्नल, रिक्षांच्या रांगा आणि पार्क केलेल्या गाड्या, म्हणजे उडायला सामान तयारच. आणि पावसाची सर आली की रेनकोट चढवायला पन्नास बाइकवाले पुलाखाली थांबतात, दोन लेन बंद होतात, मागून येणाऱ्याला ते दिसत नाहीत. हे आपण दर जूनमध्ये बघतोच. टोर्नेडोत हाच अडथळा मागच्या सगळ्या गाड्यांना वादळाच्या तोंडी उभं करतो.

‘पण ठाण्यात टोर्नेडो येतोच कुठे?’ असं कुणीतरी ग्रुपवर विचारलंय. प्रश्न रास्त आहे. भारतात टोर्नेडो प्रामुख्याने बंगाल, ओडिशा, ईशान्येच्या पट्ट्यात होतात. ३१ मार्च २००९ ला ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यात राजकनिका भागात झाला, ३१ मार्च २०२४ ला उत्तर बंगालमध्ये जलपाईगुडीकडे. जगातला सर्वांत प्राणघातक मानला जाणारा टोर्नेडो बांगलादेशातला, २६ एप्रिल १९८९ चा, ज्यात सुमारे १३०० माणसं गेली. कोकणपट्टीत ही गोष्ट दुर्मीळ. त्याला उत्तर म्हणून कुणी ‘येऊरचे डोंगर आडवे आहेत’ असंही टाकलंय. डोंगराचा भरवसा धरू नका: १९८७ मध्ये अमेरिकेत यलोस्टोनजवळ एक टोर्नेडो तीन हजार मीटर उंचीवरून पार गेला. आपला येऊरचा, म्हणजे राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर पाचशे मीटरही नाही.

मुळात आपल्याला मारायला टोर्नेडो लागतही नाही. १३ मे २०२४ ला धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरला पूर्व द्रुतगती महामार्गालगतच्या पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग कोसळलं. १७ जण गेले. परवानगी असते ४० बाय ४० ची. गाड्या पंपाच्या छताखाली उभ्या होत्या, आणि छतासकट सगळं दबलं. पूर्व द्रुतगती महामार्ग तोच, तीन हात नाक्यावरून आपण रोज धरतो तो. म्हणून फॉरवर्डमधला ‘वर काहीतरी आहे ना, मग सुरक्षित’ हा विचार टोर्नेडो नसतानाही घातक आहे. वर काय आहे आणि बाजूला भिंत आहे का, हे दोन्ही बघावं लागतं.

दुसरा मुद्दा, पळवण्याचा. टोर्नेडो साधारण ताशी ५० किलोमीटरने सरकतो, पण ११० चाही होतो. ओक्लाहोमात एल रेनो इथे ३१ मे २०१३ ला चार किलोमीटरहून जास्त रुंदीचा टोर्नेडो आला. त्याने अचानक दिशा बदलली, वेगही वाढवला. टिम समारास हे आयुष्यभर टोर्नेडोचा अभ्यास केलेले गृहस्थ, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग गाडीत असताना त्यात सापडून गेले. ज्यांना जगात सर्वांत जास्त कळत होतं त्यांची ही गत. त्याच संध्याकाळी लोक घरं सोडून गाड्या घेऊन निघाले आणि हायवे तुंबले. १० एप्रिल १९७९ ला टेक्सासमधल्या विचिटा फॉल्समध्येही हेच झालं होतं: ४२ मृतांपैकी २५ जण गाड्यांशी संबंधित, आणि त्यातले १६ घरातून पळून जाण्यासाठीच गाडीत बसले होते. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर कोंडीच्या वेळी, संध्याकाळी सातला शंभरच्या वर गाडी पळवून दाखवणाऱ्याला माझ्याकडून चहा.

दिशेचं म्हणाल तर अमेरिकेच्या मैदानी भागात नैऋत्य-ईशान्य ही चाल नेहमीची आहे, कायमची नाही. बंगालची कालबैसाखी, म्हणजे तिथलं उन्हाळी वादळ, तर वायव्येकडून येते. पाठ केलेल्या दिशेपेक्षा डोळ्यांनी बघा. भोवरा डावीकडे किंवा उजवीकडे सरकताना दिसला तर तो तुमच्या बाजूने जातोय. जागचा हलत नाही आणि मोठा होत जातोय, तर तो तुमच्याकडेच येतोय. अशा वेळी लांब असेल आणि रस्ता मोकळा असेल तर त्याच्या मार्गाला काटकोनात वळायचं. घोडबंदरवर काटकोन म्हणजे एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला खाडी. मधे आहेत ती गृहसंकुलं, आणि खरं तर तेच उत्तर आहे. पक्क्या इमारतीत शिरा. तळमजल्याचा जिना, आतला पॅसेज, काच नसलेली खोली. मॉल असेल तर मधल्या काचेच्या छताखाली नको, आतल्या बाजूच्या टॉयलेटमध्ये. वॉचमन ‘आधी एन्ट्री करा’ म्हणेल, तर एन्ट्री नंतर करा.

काचांचा मुद्दा लगेच निकालात निघतो. याच समारास यांनी २००३ मध्ये साउथ डकोटात मँचेस्टर इथे जमिनीवर ठेवलेल्या यंत्राने टोर्नेडोच्या आतला दाब मोजला. घट होती १०० मिलिबार, म्हणजे नेहमीच्या हवेच्या दाबाच्या एक दशांश. गाडीला इतक्या फटी असतात की दाब आपोआप सारखा होतो. घरं आणि गाड्या फोडतो तो वारा आणि वाऱ्यातलं सामान. काच उघडली की ते सामान थेट तोंडावर येतं.

टायरचं म्हणाल तर विजेपासून वाचवतो तो गाडीचा धातूचा सांगाडा. वीज बाहेरून पत्र्यावरून जमिनीत जाते. काचा बंद, हात धातूपासून लांब. रिक्षाचं छत रेक्झिनचं, तिला हे लागू नाही. गाडीवर विजेची तार पडली तर मात्र आतच बसा आणि फोन करा. आग लागली तरच बाहेर, तेही दोन्ही पाय जोडून उडी मारून, गाडी आणि जमीन एकाच वेळी न शिवता.

इमारत गाठता आलीच नाही तर? गाडी कडेला घ्या, सीट बेल्ट लावून ठेवा, डोकं काचेच्या खाली न्या, वर जाडजूड काहीतरी किंवा निदान हात. किंवा रस्त्यापेक्षा बराच खोल खळगा असेल तर गाडीपासून दूर जाऊन त्यात पालथं पडा. दोन्ही नाइलाजाचे उपाय आहेत. दुसरा तर इथे पावसाळ्यात करूच नका, कारण आपले खळगे म्हणजे नाले, आणि ते अर्ध्या तासात भरतात.

सगळ्यात विचित्र म्हणजे या अख्ख्या फॉरवर्डमध्ये दुचाकीवाल्यांसाठी एक ओळ नाही. पुलाखाली सर्वांत जास्त तेच असतात. त्यांना सीट बेल्टही नाही आणि सांगाडाही नाही. आभाळ काळं होऊन धूळ उठली की बाइक सर्व्हिस रोडला, होर्डिंग आणि झाडांपासून लांब लावा आणि पहिल्या पक्क्या इमारतीत किंवा रेल्वे स्टेशनच्या काँक्रीटच्या भागात शिरा. आत गेल्यावरही हेल्मेट काढू नका. २०११ मधल्या अलाबामातल्या टोर्नेडोंनंतर बर्मिंगहॅमच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी घरात बसलेल्यांनाही हेल्मेट घालायला सांगितलं होतं.